चार घरांची अँटेना

एस.टी.त माझ्या शेजारी बसलेल्या माणसाच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. तो ते दोन्ही हातांनी असं कवटाळून बसला होता, की मला वाटलं बाळ असावं.

खोपोलीहून मोहोपाड्याला येणारी दुपारची गाडी. श्रावणातली सर नुकतीच येऊन गेलेली, खिडकीच्या फटीतून पाणी झिरपत होतं. माझ्या पिशवीत आबांच्या गळ्याला लावायच्या पट्ट्या होत्या. त्या भिजू नयेत म्हणून मीही पिशवी पोटाशी धरून बसले होते. चौकच्या अलीकडे गाडीने असा गचका खाल्ला, की माझा तोल गेला आणि हात थेट त्या गोधडीवर.

"अवो, हळू! पेशंट हाय."

"काय झालंय?" मी घाबरूनच विचारलं.

त्याने गोधडीचा कोपरा वर केला. आत टीव्ही.

"आवाज हाय, चित्र गेलंय," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

मला हसू फुटलं. किती महिन्यांनी फुटलं होतं, तेही हसता हसताच लक्षात आलं. तेवढ्यात कंडक्टर आला. "याचं तिकीट?" तो गोधडीकडे बोट दाखवून म्हणाला.

"मांडीवरच्याला तिकीट कवापासून लागाय लागलं, मास्तर?"

पुढच्या बाकावरची बाईसुद्धा हसली. कंडक्टर गेल्यावर त्याने माझ्या पिशवीकडे पाहिलं. "तुमच्याकडं कोण हाय पेशंट?"

"वडील," मी म्हणाले. "आमच्याकडे उलटं आहे. चित्र आहे, आवाज गेलाय."

तो उगाच 'अरेरे' वगैरे म्हणाला नाही, हे मला बरं वाटलं. उतरताना एवढंच म्हणाला, "मी वाल्मिक. नाक्यावरच्या टीव्ही रिपेरिंगच्या दुकानात असतो. काय लागलं तर..." आणि पुढचं वाक्य पावसात बुडालं. माझं नाव मित्रा, हे सांगायचं राहूनच गेलं.

आता आबांचं सांगते. माझे आबा, म्हणजे धर्माजी, केमिकल फॅक्टरीत ऑपरेटर होते. आवाज असा, की विहारात त्यांनी त्रिशरण सुरू केलं की मागच्या रांगेतल्या पेंगणाऱ्यांची झोप उडायची. त्या आवाजाचं गळ्यात गाठ येऊन मातेरं झालं. मुंबईच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. आता आबा गळ्याला ठेवलेल्या भोकातून श्वास घ्यायचे आणि त्यावरची पांढरी पट्टी श्वासाबरोबर हलायची. पाटीवर लिहावं, तर हात इतका थरथरे, की अक्षराची नुसती किडामुंगी. पाणी हवं असलं तर चमचा भांड्यावर वाजवायचे. आई स्वयंपाकघरात भांडी घासत असली की तिला ते ऐकू यायचं नाही, मग आबा तसेच तहानलेले पडून राहायचे.

मस्कतहून आलेल्या मामाने आपल्या पोरासाठी आणलेला कंप्युटर आमच्याकडे आला तो असा. पोराने चार दिवस खेळून टाकून दिलेला. दिसायला नुसता टाइपरायटरच्या बटणांचा चपटा डबा. त्याची वायर टीव्हीला जोडली की पडद्यावर अक्षरं उमटतात. इंग्रजी, तीही मोठी. आबा सातवीपर्यंतच शिकले होते, पण फॅक्टरीतल्या पिंपांवरची नि घड्याळांवरची इंग्रजी अक्षरं तीस वर्षं वाचून त्यांना पाठ होती. थरथरतं बोट बटणावर टेकलं की अक्षर मात्र सरळ येई. पहिल्याच दिवशी त्यांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं — "चा कर गं पोरी." आईला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. आई पदर तोंडाला लावून मोरीत निघून गेली.

अडचण एकच होती. आबा आतल्या खोलीत पडून, टीव्हीही त्यांच्यापाशी. लिहिलेलं बाहेर आम्हाला दिसणार कसं? एका कंप्युटरला दोन पडदे हवे होते, एक त्यांना आणि एक आम्हाला.

नाक्यावरच्या दुकानाचं नाव मला आठवत होतं, असं मी आईला सांगितलं. खरं तर दुकान मला शोधावं लागलं.

वाल्मिक दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, खांद्यावर तोच गोधडीतला टीव्ही. "बरा झाला," तो म्हणाला. "मालक न्यायला येत नाय. तुमच्याकडं राहील."

त्याने दोन वायरी सोलून पिळ घालून एकत्र केल्या. मला आबांपाशी बसवलं, आपण बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीसमोर. मी टायपिंगच्या क्लासला जात होते, बोटं भराभर चालत.

"दिसतंय का?" मी लिहिलं.

"दिसतंय," बाहेरून आवाज आला. "पण सावली हाय. एकाची दोन दोन दिसत्यात. एक पुढं, एक मागं."

मी लिहिलं, "मागचं कोण?"

बाहेर पकड खाली पडल्याचा आवाज झाला.

"मागचं... मी आसंन."

माझे कान तापले. आबा डोळे मिटून पडले होते, पण त्यांच्या ओठाचा कोपरा हललेला मी पाहिला. मी लिहितेय ते आबांच्या उशाशीच उमटतंय, हे मला तेव्हा कुठे सुचलं!

ती सावली काही जाईना. शेवटी वाल्मिकने पिशवीतून हाताने फिरवायचं ड्रिल काढलं. भिंतीला भोक पाडून सरळ जाड वायर घालायची म्हणाला. मी आडवी उभी राहिले.

"भिंतीला हात लावायचा नाही."

"बारकं भोक हाय. बोटाएवढं."

मी त्याला दंडाला धरून आबांच्या खाटेपाशी नेलं. गळ्यावरची पट्टी वर खाली होत होती. "त्यांना नाक नाही आता," मी म्हणाले. "धूळ उडाली तर सरळ छातीत जाते. परवा शेजारी मिरच्या कुटल्या तर मरता मरता वाचले."

त्याने ड्रिल पिशवीत टाकलं. मोरीत जाऊन हात धुतले आणि आबांच्या पायाशी उकिडवा बसला. "चुकलो, आबा," म्हणाला. त्या क्षणी तो मला आवडला. म्हणजे आवडला आधीच होता, पण या वेळी कारण सापडलं.

आमच्या स्टाफ कॉलनीतल्या त्या बिल्डिंगला चार घरांत मिळून एकच अँटेना. गच्चीवरून चपटी वायर खाली यायची, आतल्या खोलीच्या खिडकीवरून बाहेरच्या खोलीत, तिथून शेजारी नामाकाकांकडे आणि पुढे. वाल्मिकने तीच वायर वापरली. खिडकीपाशी कंप्युटर त्या वायरीला जोडला आणि बाहेरच्या टीव्हीवर अक्षरं उमटली, एकही सावली नाही. भिंत शाबूत, धुळीचा कण नाही. दूरदर्शन लागायच्या वेळी कंप्युटर बंद ठेवायचा, एवढंच पथ्य. तो खूष, मी खूष. ती वायर आमच्या घरात संपत नव्हती, याचा विचार त्याने केला नाही आणि मीही केला नाही. दुपारचा कोण टीव्ही लावतो?

त्यानंतर ती वायर फार नाजूक निघाली. दर दोन-तीन दिवसांनी बिघडायची. म्हणजे वाल्मिकच्या म्हणण्याप्रमाणे. तो यायचा, स्क्रू घट्ट करायचा, सैल करायचा, परत घट्ट करायचा. एकदा तो बाहेरच्या टीव्हीच्या मागे डोकं घालून बसलेला असताना पडद्यावर आबांची अक्षरं आली.

"वायर ठणठणीत हाय. बिघडलंय ते पोरगं."

वाल्मिकने टीव्हीच्या मागूनच विचारलं, "काय लिवलंय गं?"

"काही नाही," मी म्हणाले. "बरोबर दिसतंय का विचारतायत."

एका संध्याकाळी वाऱ्याने अँटेना फिरली. बिल्डिंगभर मुंग्या. पडद्यावर मुंग्या आल्या की आमच्याकडे कुणीतरी एक गच्चीवर पळायचं, एकजण खिडकीत उभा राहायचा, आणि मग कॉलनीभर ऐकू जाईल असा पुकारा व्हायचा. त्या दिवशी वाल्मिक वर गेला, मी छत्री धरायला गेले. माणिकगडाच्या अंगावर ढग उतरले होते.

"आला का?" वाल्मिक ओरडला.

"आला... गेला, गेला!" खालून नामाकाका.

तो खांब फिरवता फिरवता हळूच म्हणाला, "आबांना विचारू का? आपलं?"

छत्री माझ्या हातात वाकडी झाली. "ते तुमचं गाव विचारतील."

"सांगंन. साजगावच्या पलीकडं."

"ते आबांचंच गाव. माहीत आहे तुम्हाला?"

त्याने मान हलवली. माहीत होतं. आम्ही धम्म घेतला त्या साली त्या गावाने आमच्या लोकांचं पाणी तोडलं, पीठ दळून देईनात. तेव्हा आबा आईला घेऊन रातोरात मोहोपाड्याला आले ते परत कधी गेले नाहीत. वाल्मिकचं घर कुणब्याचं, देवळाला लागूनच.

"मला हो म्हणायला काही नाही," मी म्हणाले. "पण उद्या तुमच्या गावाने तोंड उघडलं, तर तुमचं तोंड उघडेल का? मला तेवढंच कळायला हवं."

"उघडंल," तो म्हणाला.

"आला!" खालून आरोळी आली. "आता हलवू नका! तिथंच ऱ्हाऊ दे!"

आम्ही दोघंही हललो नाही. पाऊस आडवा येत होता आणि छत्री भलतीकडेच होती. एवढं सुख मला नंतर फार काळ पुरवून वापरावं लागलं.

त्याचं गाव, घर, सगळं मी आबांच्या कानावर घातलं, तेव्हा शनिवारी त्यांनी वाल्मिकला बोलावून घेतलं. टीव्हीवर मराठी सिनेमाचा दिवस. आमचा टीव्ही अडलेला, म्हणून आई नामाकाकांकडे सिनेमाला गेली होती. सिनेमा सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून लोक सतरंजीवर जागा धरून, टीव्ही लावून मुंग्या बघत बसायचे. आबांनी लिहिलं, "बाहेरचा बंद कर. पोरी, तू जा." मी बाहेरचा टीव्ही बंद केला, म्हणजे बोलणं त्या खोलीतच राहील, असं आम्हा तिघांनाही वाटलं. मी आतलं दार ओढून घेतलं आणि व्हरांड्यात टाकळ्याची भाजी निवडत बसले. काळीज असं उडत होतं, की देठं राखून पानं टाकत होते.

शेजारच्या उघड्या दारातून कुणीतरी म्हणालं, "अगंबया, मुंग्या गेल्या. इंग्लिश कायतरी सुरू झालं."

"थांबा, वाचतो," नामाकाका. युनियनच्या फळ्यावरची नोटीस वाचायचे त्याच खणखणीत आवाजात ते वाचू लागले. "ब... स. दा... र ला... व. च्यायला, मराठीच हाय की!"

सगळे हसले. मला अजून काहीच कळलं नव्हतं.

"डॉक्टर... मला... बोलला," नामाकाका वाचत होते. कार्यक्रम कसला ते कळेना, म्हणून उलट जास्तच रंगात आले होते. "गाठ परत आली. आता... इलाज नाय. दिवाळी... बघंन का... नाय... ठाऊक नाय. भीमाला..."

आणि थांबले.

माझी आई, भीमाबाई, त्यांच्या समोर सतरंजीवर पहिल्या रांगेत बसली होती.

आबांचं बोलणं मी सहा महिन्यांनी मोठ्या आवाजात ऐकत होते. दुसऱ्याच्या तोंडून, आणि हे. माझ्या मांडीवरची भाजी खाली सांडली.

"वाचा की भाऊजी," आईचा आवाज आला. अगदी शांत. "भीमाला काय?"

नामाकाकांना खोटं सुचलं नाही. "भीमाला... सांगू नको, म्हनतोय."

आई चप्पल न घालताच बाहेर आली आणि माझ्यासमोरून घरात शिरली. मागून सगळी माणसं. त्यांच्यात पोशा होता, वाल्मिकच्या चुलत्याचा मुलगा, फॅक्टरीत नवाच लागलेला. आईने आतलं दार ढकललं तेव्हा पडद्यावर आबांची अक्षरं अजून एकेक करून उमटत होती. त्यांना दाराकडे बघायची सवडच नव्हती, बोट बटण शोधत होतं. मी ते सगळं वाचलं. माझ्यामागे उभं राहून सगळ्यांनीच वाचलं.

"तुजा बाप येसाजी अन मी एका शाळेत. मला भायेर बसवायचे, पडवीत. मास्तरचा फळा दिसायचा नाय. येसाजी आतून आपली पाटी माज्याकडं तिरकी धरायचा. तिच्यावरचं बघून मी शिकलो. पाणी तोडलं तवा तोच येसाजी देवळापाशी मान खाली घालून हुबा होता. बाकीच्यांचं मला काय वाटलं नाय. त्याच्या गप ऱ्हाण्याचं वाटलं. पोरीला तुज्या हवाली करतो. पण तू गप ऱ्हाशील का?"

त्याच्यापुढे नुसता छोटा चौकोन लुकलुकत राहिला. खोलीत पट्टीतून येणाऱ्या श्वासाचा आवाज तेवढा होता. आबांनी मान वळवली आणि दारातली गर्दी पाहिली. आईला पाहिलं.

"काय रं वाल्मिक," पोशा म्हणाला. "म्हतारा इचारतोय ना? दे की जबाब. गावात काय सांगू मी?"

वाल्मिकने माझ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले, मी शपथेवर सांगते, हलले. मग त्याची नजर पोशाकडे गेली, मग खाली. त्याने स्क्रू-ड्रायव्हर उचलला, पकड उचलली, एकेक वस्तू पिशवीत भरली आणि सगळ्यांच्या मधून मान खाली घालून निघून गेला.

माणसं पांगली. आई खाटेच्या काठावर बसली.

"मला सांगायचं नव्हतंत?"

आबांनी लिहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाचावं लागलं. "तू जेवली नसतीस."

"मग आता जेवू व्हय?" आई म्हणाली आणि आबांच्या छातीवर डोकं ठेवून रडली. पट्टीला धक्का लागणार नाही इतकं जपून रडली.

मी रडले नाही. मला राग आला होता. गच्चीवर ज्याचं तोंड उघडणार होतं, त्याने घरात दोन शब्दांना मान खाली घातली. आबांना त्याच्या बापाने जे दिलं, तेच माझ्या पदरात. खाण तशी माती! मी खुर्ची घेतली आणि खिडकीवरची वायर उपसायला निघाले. आबांनी चमचा वाजवला.

"काढू नको," त्यांनी लिहिलं. "आता लपवायचं काय ऱ्हायलंय? चौघांना दिसू दे. हाक मारली तर कोणतरी येईल."

आणि खरंच येऊ लागले. दुसऱ्या दिवसापासून दुपारीही चारही घरांत टीव्ही चालू राहू लागले. आई नळावर असताना आबांनी "पाणी" लिहिलं, की नामाकाकांची गंगाबाई तांब्या घेऊन दारात हजर. "उकडतंय" लिहिलं तर वरच्या मजल्यावरून कुणी पंखा घेऊन उतरायचं. एकदा आबांनी लिहिलं, "नामा, कालची भाजी खारट होती." पलीकडून नामाकाका भिंतीतून ओरडले, "मलाबी तेच वाटलं, पण बोलायची सोय हाय का!" आबांचे खांदे हसण्याने हलले, आणि मग खोकल्याने हलत राहिले. पट्टीवर लाल डाग येऊ लागले होते. मी त्या धुवायचे आणि कुणाची वाट बघत नाही, असं स्वतःला बजावायचे. नाक्यावरचं दुकान बंद होतं. मी सहज त्या बाजूने गेले होते म्हणून दिसलं. सहज, तीन-चारदा.

भाद्रपद लागला. रविवारची दुपार होती, ऊन आणि पाऊस एकदमच पडत होते. दारात सावली आली. वाल्मिक. उजव्या भुवईवर टाके, गाल काळानिळा, हात गळ्यात बांधलेला.

"कुणी मारलं?"

"तिकडं बोलून आलो," तो म्हणाला. "देवळासमोर. सगळे होते. त्या दिवशी हितं बोललो असतो तर ते तुमच्या घरातलं बोलणं झालं असतं, मित्रा. आन खरं सांगू? त्या दिवशी भ्यालोच होतो. घरी जाऊन रातभर बापाकडं बघत बसलो. तो पन माज्याकडं बघत होता. सकाळी मलाच लाज वाटली."

त्याच्यामागे एक म्हातारा उभा होता, खादीची टोपी, गुडघ्यापर्यंत चिखल. येसाजी. तो आत आला नाही. व्हरांड्यात आमच्या चपला काढलेल्या असतात, तिथे भिंतीला टेकून बसला. आई म्हणाली, "आत या." त्याने मान हलवली. चारही घरांची दारं उघडली. पोशाही जिन्यात येऊन उभा राहिला.

आबांना मी सांगितलं. त्यांनी लिहिलं, "भायेर का बसला, इचार."

वाल्मिकने विचारलं. येसाजी जमिनीकडे बघतच म्हणाला, "धर्माजीला बसवायचे तिथं बसलोय. हितनं फळा दिसत नाय, खरंच."

मी आत येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. आबांनी छताकडे पाहिलं. पट्टी भराभरा हलत होती. मग त्यांनी हाताने मला खूण केली, बाहेरचा टीव्ही वळव, दाराकडे. टीव्ही खाली ठेवण्याइतकी वायर पुरेना. वाल्मिकने एका हाताने आणि मी दोन्ही हातांनी टीव्ही उचलून उंबऱ्याशी आणला आणि तिरका धरला, म्हाताऱ्याला दिसेल असा. अक्षरं उमटली. शेजारच्या घरात कुणीतरी वाचून दाखवलं असावं, कारण गंगाबाईंचा हुंदका मला ऐकू आला.

येसाजीने डोळे बारीक केले. "मला हे इंग्लिश येत नाय रं. काय लिवलंय?"

वाल्मिकला कानात सांगता आलं असतं. पण तो टीव्ही धरूनच ताठ उभा राहिला आणि जिन्यातल्या पोशाकडे बघत म्हणाला, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं म्हणाला, "आबा म्हनतायत, येसा, आत ये. आन पोशा, गावात सांग. ह्या घरची पोरगी मी करणार. त्यांनी हो म्हटलं तर. पाणी तोडायचं तर माजं तोडा. मी गप ऱ्हाणार नाय."

त्याचा आवाज कापत होता. मोठा आवाज कापला की जास्त कापतो. येसाजी उठला, चिखलाचे पाय तसेच घेऊन आत गेला आणि खाटेपाशी बसला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसऱ्याला सुचत नव्हतं. मग येसाजीने आबांचा थरथरता हात हातात घेतला, आणि तो हात थरथरायचा थांबला नाही, पण आबांनी तो काढूनही घेतला नाही.

मी टीव्हीला धरून तशीच उभी होते. वाल्मिक माझ्याकडे वळला. "जड हाय का?"

"हो."

"मी धरलाय मागनं."

आबांना घाई होती, म्हणून आमचं लग्न आश्विनात, त्याच बाहेरच्या खोलीत झालं. वाल्मिकच्या गावातून येसाजीशिवाय कुणी आलं नाही. वाल्मिकची आईही आली नाही. पुढे कितीतरी वर्षं आली नाही. विहारातून माणसं आली, चार घरं आली. त्रिशरण कुणी म्हणायचं हा प्रश्न निघाला तेव्हा आबांनी चमचा वाजवला. ते एकेक बटण दाबत गेले. चारही घरांतल्या पडद्यांवर अक्षरं येत गेली आणि चारही घरांतून माणसं वाचून मोठ्याने म्हणत गेली. एका अक्षरापाशी त्यांचं बोट फार वेळ थांबलं, तर सगळी बिल्डिंग त्या अक्षरापाशी थांबली. मी वाल्मिकचा हात धरला होता. माझ्या आयुष्यात एवढा मोठा आवाज मी ऐकलेला नाही.

दिवाळी त्यांनी पाहिली नाही. पहाटे गेले. आदल्या संध्याकाळी वाल्मिक त्यांना वारा घालत होता, तेव्हा त्यांनी शेवटचं लिहिलं होतं, "पोरा, वायर तपासत जा." आम्हाला वाटलं, चेष्टा करतायत. करतही असतील.

सगळं आटोपल्यावर मी कंप्युटर पुसून खोक्यात भरला. वाल्मिक खिडकीवर चढला, जोडलेली वायर सोडवली आणि अँटेनाची वायर होती तशी नीट बांधली. आईने तो सोडवलेला वायरीचा तुकडा उशाखाली ठेवून दिला.

शनिवार आला. सिनेमाला वेळ होता. शेजारी सतरंजी पडली, माणसं जागा धरून बसली, आईही जाऊन बसली. नामाकाकांनी टीव्ही लावला, वरच्यांनी लावला, आम्हीही लावला. चारही घरांत मुंग्या. नुसत्या मुंग्या.

त्या दिवशी कुणी गच्चीवर पळालं नाही. कुणी 'आला का' म्हणून ओरडलं नाही. आम्ही सगळे त्या मुंग्यांकडे बघत बसून राहिलो.